ट्रिंकोमालीच्या नोंदी : दाराच्या चौकटीतून फ्रिगेट

४ जून २०२३

ग्रंथालयाच्या दिवाळीआधीच्या प्रदर्शनात यंदा ‘एचएमएस ट्रिंकोमाली’चं मॉडेल ठेवू आणि सोबत बारा फलक मराठीत लिहू, असं काल बैठकीत बोलून बसलो. घरी आल्यावर धस्स झालं. आजवर देशी जहाजांची मॉडेलं केली: मचवे, पडाव, एक पाल. तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज कधी हातात घेतलं नाही.

हेच जहाज का, ते इथे लिहून ठेवतो. मधे कंटाळा आला की वाचायला उपयोगी पडेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेलं हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला, संग्रहालय म्हणून उभं आहे. उभं म्हणजे खरोखर तरंगतंय. ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ त्याच्यापेक्षा ५२ वर्षांनी थोरलं, पण ते १९२२ पासून कोरड्या गोदीत टेकून बसलंय. तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सगळ्यात जुनी ती ही मुंबईची. बैठकीत नऊ जण होतो, त्यांतल्या आठांनी नाव ऐकलेलं नव्हतं. नववा मी.

लाकडाची सोय झाली. मागच्या गल्लीतली चाळ पाडली, तिथल्या दाराची चौकट भंगारवाल्याकडे पडली होती. रंगाचे सहा-सात थर, त्याखाली सागवान. रंधा मारल्यावर जो वास सुटला, त्यानंतर प्लायवुडचा विचार मनात आला नाही.

११ जून

माप ठरलं: एका इंचात आठ फूट. जहाजाची तोफांच्या मजल्यावरची लांबी साधारण १५० फूट, म्हणजे मॉडेल पावणेएकोणीस इंच. रुंदी ४० फूट, म्हणजे पाच इंच. पुढे सोंडेसारखी आलेली काठी आणि डोलकाठ्या धरल्या तर काचेची पेटी भलतीच मोठी लागेल. ती कोण देणार हा प्रश्न बैठकीत कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

फलकासाठी फ्रिगेट म्हणजे काय ते दोन वाक्यांत बसवायचा प्रयत्न केला. तोफांचा एकच सलग मजला, हलकं अंग, वेग जास्त. टेहळणी करायची, शत्रूची व्यापारी गलबतं पकडायची आणि मोठं जहाज दिसलं की पळ काढायचा. आपलं जहाज ३८ तोफांच्या वर्गातलं. पुढे आखूड तोफाही मोजणीत धरायला लागले आणि तेच जहाज कागदावर ४६ तोफांचं झालं.

आराखडा मात्र इंग्रजांचा नव्हे. ‘हेबे’ नावाचं फ्रेंच फ्रिगेट त्यांनी पकडलं, त्याची मापं घेतली आणि त्यावरून ‘लेडा’ वर्गाची चाळीसहून जास्त जहाजं बांधली. नक्कल करायला लाज कसली, माल चांगला असला की झालं.

१८ जून

मागवलेल्या नकाशांचं पार्सल आलं नाही. कुरिअरवाला म्हणतो ‘डिलिव्हर झालंय’. कुठे, ते त्याला सांगता येत नाही. सही कुणाची आहे विचारलं तर फोटो पाठवला, त्यात एक रेघ.

भाचा म्हणाला, “मामा, शांत हो, हे तुझ्या जहाजाच्या परंपरेला धरूनच झालंय.” त्याचं खरं आहे. ट्रिंकोमालीचे नकाशेही पहिल्या खेपेला मुंबईत पोचले नव्हते. १८१२ मध्ये बांधणीचा हुकूम निघाला आणि नकाशे ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटवरून रवाना झाले. वाटेत, २९ डिसेंबर १८१२ ला, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. जावाच्या तोफांनी कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चक्र उडवलं खरं, पण जावाच्या डोलकाठ्या एकेक करून कोसळल्या आणि त्याचा कप्तान प्राणघातक जखमी झाला. जहाज इतकं खिळखिळं झालं होतं की बंदरापर्यंत ओढून नेण्यातही अर्थ नव्हता. अमेरिकनांनी जावाचं चक्र काढून आपल्या जहाजाला बसवलं आणि जावाला आग लावून दिली. नकाशे गेले, मुंबईत बांधायच्या जहाजांसाठी निघालेलं तांबंही गेलं. मग लंडनहून नकाशांची दुसरी प्रत काढून पाठवावी लागली.

त्याच जावावर एक बडा प्रवासी होता, सर थॉमस हिस्लॉप. मुंबईच्या फौजेचा सरसेनापती व्हायला निघाला होता, तो अमेरिकनांचा कैदी झाला. सोडल्यावर विलायतेला परत गेला आणि पुन्हा निघाला तो मद्रासच्या फौजेचा प्रमुख म्हणून. महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. शाळेत हे नाव पाठ केलं होतं. तो माणूस पाच वर्षं आधी ब्राझीलजवळच्या समुद्रात होता, हे आज कळलं. याचा वेगळा फलक.

कॉन्स्टिट्यूशनही अजून तरंगतंय, बोस्टनला. १७९७ चं. म्हणजे नकाशे बुडवणारं आणि त्या नकाशांमुळे रखडलेलं, दोघंही संग्रहालयं झाली.

मीही दुसरी प्रत मागवली. वेगळ्या कुरिअरनं.

२ जुलै

नकाशे आले. पहिलं लाकूड कापलं.

मी फलकाच्या मसुद्यात ‘जहाजाचा कणा’ असं लिहिलं होतं. होड्या बांधणारे एक आजोबा अधूनमधून मुलीकडे राहायला येतात, त्यांना दाखवलं. ते हसले. “कणा माणसाला. याला पठाण म्हणायचं. आणि पुढं वर चढते ती नाळ.” मसुदा दुरुस्त केला. मग त्यांनी माझं लाकूड हातात घेतलं, नखानं रेघ ओढली, कानापाशी धरून टिचकी मारली. “कोरडं आहे. पण रेषा पाहून काप, नाहीतर चिरेल.”

पठाण घातला तेव्हा वाडियांच्या गोदीत पारशी रिवाजाप्रमाणे विधी झाला आणि अक्षरं कोरलेला चांदीचा खिळा ठोकला गेला. त्याशिवाय जहाजाचं बरं व्हायचं नाही, अशी समजूत. मुख्य बांधकाम जमशेटजी बमनजी वाडियांकडे होतं. हे ऐकून बायकोनं तुटलेल्या जोडव्याचा एक तुकडा काढून दिला. तापवला, ठोकून बारीक केला आणि पठाणाच्या मधोमध भोक पाडून बसवला. दीड मिलिमीटरचा ठिपका. मी देवभोळा नाही, पण पार्सल एकदा हरवलंच होतं.

९ जुलै

आज फोर्टात गेलो. लायन गेटच्या बाहेर उभा राहिलो. आत नौदलाची गोदी, आपल्याला प्रवेश नाही, फोटो काढायचा नाही. पाऊस. छत्री धरून पाच मिनिटं भिंतीकडे पाहत राहिलो, तेव्हा पहारेकऱ्यानं ‘काय काम आहे’ विचारलं. काम काहीच नव्हतं.

या भिंतीआडच्या गोष्टी: लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना मुंबईला आणलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे दगडी कोरडी गोदी झाली, पुढे १८१० च्या सुमारास डंकन डॉक आला. लवजींच्या नातवापर्यंत, म्हणजे जमशेटजींपर्यंत, येताना या घराण्याकडे ब्रिटिश नौदल थेट मोठी जहाजं सोपवू लागलं होतं. त्यांतलं ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ चं. पहिल्या अफू युद्धानंतरचा नानकिंगचा तह १८४२ मध्ये त्याच्यावरच झाला. ‘एशिया’ १८२४ चं, ते तीन वर्षांनी नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरलचं मुख्य जहाज होतं. दोन्ही आता नाहीत. ट्रिंकोमाली आहे.

वाडियांची नावं मिळतात, कप्तानांची मिळतात, जहाजाच्या डॉक्टराचंही मिळतं. करवत ओढणाऱ्यांची मिळत नाहीत. फलकावर ‘मुंबईच्या गोदीतले सुतार, लोहार’ एवढंच लिहिलं आणि टाइपाचा आकार जमशेटजींच्या नावाइतकाच ठेवला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, विचित्र दिसेल. दिसू दे.

२३ जुलै

फासळ्या. नकाशावरून पुठ्ठ्याचे साचे काढले, त्यावरून लाकूड. एकूण बावीस, त्यातल्या पाच चिरल्या. आजोबांनी सांगितलं होतं, रेषा पाहून काप. ऐकलं नाही.

दुपारी अंगठ्यात कूस गेली. सागवानाची कूस वाईट असते, लगेच ठणकायला लागते. संध्याकाळी सुईनं काढली, तोवर अंगठा लाल. इंग्रज खलाशांना सागवानी जहाजांचा हाच राग होता. लढाईत गोळा लागला की लाकडाच्या चिरफळ्या उडतात, गोळ्यापेक्षा त्यांनीच माणसं जास्त मरतात, आणि सागवानाची जखम पिकते अशी त्यांची ठाम समजूत. ओकची बरी म्हणायचे. अंगठ्यावरून सांगतो, ते उगाच बोलत नसावेत.

बाकी सगळ्या बाबतींत सागवान सरस. त्यात तेल असतं, म्हणून पाणी आणि कीड दोन्ही लवकर शिरत नाहीत. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागवानात खिळा टिकतो. आणि त्या वेळी इंग्लंडात ओक उरलाच कुठे होता? नेपोलियनशी लढता लढता जंगलं गोदीत गेली होती. मग नजर मलबारकडे वळली. १८०६ मध्ये कंपनीनं वॉटसन नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याला मलबारचा वनसंरक्षक नेमलं. या देशातला तो पहिला वनसंरक्षक. नाव संरक्षक, काम नौदलासाठी सागवान मिळवणं. त्यानं लाकडाचा व्यापार मुठीत घेतला, जमीन ज्याची त्यालाच आपलं झाड तोडायची चोरी झाली. आरडाओरडा इतका वाढला की १८२३ मध्ये ते पद मोडीत काढावं लागलं. आपलं जहाज त्या मधल्या वर्षांतलं.

माझ्या चौकटीचं लाकूड कुठलं, कळायला मार्ग नाही. अंगठ्याला हळद लावलीय.

६ ऑगस्ट

गाडी अडली. प्रश्न असा: मॉडेल कोणत्या सालचं करायचं?

मुंबईतून निघालं तेव्हाचं केलं तर मागची बाजू जुन्या पद्धतीची, चौकोनी, खिडक्यांच्या रांगेची. पण १८४५ मध्ये जहाज पुन्हा सज्ज करताना ती बाजू गोलाकार केली, तोफा कमी करून जास्त वजनदार बसवल्या आणि कागदोपत्री त्याला फ्रिगेटवरून उतरवून कॉर्व्हेट, म्हणजे खालच्या वर्गातलं जहाज, केलं. माझे नकाशे त्या दुसऱ्या रूपाचे आहेत. हार्टलपूलला दिसतं तेही तेच.

मधे काय केलं जहाजानं? काही नाही. हीच मला या गोष्टीतली सगळ्यात गंमतशीर जागा वाटते. ज्या युद्धासाठी बांधायचं ठरलं, ते नकाशे बुडाल्यामुळे आणि लाकूडफाट्याच्या दिरंगाईत वाट पाहायला थांबलं नाही. १८१५ मध्ये वॉटर्लू होऊन गेलं, पठाण पडला १८१६ मध्ये. बांधायला २३,००० पौंड लागले, इंग्लंडला नेण्यात आणखी ६,६०० गेले. वाटेत जानेवारी १८१९ मध्ये ते सेंट हेलेना बेटावर सहा दिवस थांबलं. ज्याच्या धाकानं बांधलं तो नेपोलियन तिथेच, लाँगवुडच्या घरात कैदेत. त्याला तपासणारा जॉन स्टोको हा नौदलाचा डॉक्टर याच जहाजावरून इंग्लंडला परतला. ३० एप्रिल १८१९ ला पोर्टस्मथ. सामान चढवायला आणखी २,४०० पौंड. मग राखीव जहाजांच्या रांगेत बांधून ठेवलं ते थेट १८४५ पर्यंत.

सव्वीस वर्षं! आपल्याकडे नवं कोरं भांडं माळ्यावर ठेवतात, पाहुणे आले की काढू म्हणून, तसं. पण माळ्यावरचं भांडंच शेवटी शाबूत राहतं. त्याच वर्गातली जी जहाजं वेळेवर तयार झाली, ती लढली, फुटली, बुडाली, भंगारात गेली. ट्रिंकोमालीखेरीज एकच उरलंय, स्कॉटलंडात डंडीला, ‘युनिकॉर्न’. १८२४ चं. त्यालाही उशीर झाला, त्याच्यावर छप्पर घालून ठेवलं आणि डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत.

निर्णय: १८१७ ची मागची बाजू करायची, जमेल तशी. मुंबईतून निघालं तेव्हाचं जहाज दाखवायचं असेल तर तेच दाखवायचं. भाचा नकाशा संगणकावर फिरवून देणार आहे. त्यासाठी रोज नाश्ता मागतोय.

२० ऑगस्ट

सांगाड्याला पीळ पडला. दोन दिवस पावसाची झड होती, खिडकी उघडी राहिली. नाकापासून शेपटापर्यंत पाहिलं की केळ्यासारखं वाकडं. सहा फळ्या सोडवल्या, ओलं फडकं गुंडाळलं, वर इस्त्री ठेवली. आज अधिक काही लिहवत नाही.

३ सप्टेंबर

पीळ निघाला, पूर्ण नाही. डावीकडे दोन मिलिमीटरचा फरक आहे. ती बाजूच भिंतीकडे ठेवायची.

आज तारखेची गंमत. जहाजाला ट्रिंकोमाली नाव मिळालं ते श्रीलंकेतल्या त्या बंदराजवळ झालेल्या समुद्री लढाईवरून. ती लढाई ३ सप्टेंबर १७८२ ची. इकडे ब्रिटिश ॲडमिरल ह्यूज, तिकडे फ्रेंचांचा सुफ्रेन. डोलकाठ्या मोडल्या, माणसं मेली, निकाल काहीच लागला नाही. आणि ज्याच्या अंगावरून आपल्या जहाजाचा आराखडा उतरला ते ‘हेबे’ इंग्रजांच्या हाती लागलं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, ४ सप्टेंबर १७८२ ला. म्हणजे नाव आणि रूप, दोन्हींच्या तारखा लागोपाठच्या. मधे अर्धी पृथ्वी. पस्तीस वर्षांनी दोन्ही धागे मुंबईच्या गोदीत एकत्र आले. नामकरण करणाऱ्यांच्या हे ध्यानात असेल असं वाटत नाही. मी मात्र फलकावर घालणार.

१७ सप्टेंबर

परवा गणपती. घरात मखराचा पसारा, मॉडेल कपाटावर.

आज फक्त तांब्याचं काम. लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ लागू नये म्हणून पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकत. एक पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. माझ्या मापात अर्धा इंच लांब आणि पावणेचार मिलिमीटर रुंद. तांब्याची चिकटपट्टी आणून कात्रीनं तुकडे करतोय. एका बाजूला हजाराच्या घरात लागणार. प्रत्येक पत्र्याची कड मागच्यावर किंचित चढवायची, पुढून मागे, म्हणजे वाहतं पाणी कडेत शिरत नाही. कौलं शाकारतात तेच तत्त्व. सव्वाशे लावले तेव्हा मान धरली. बोटांना तांब्याचा वास बसलाय, चहालाही तोच येतो.

खालून सुरुवात केली, त्यामुळे चांदीचा ठिपका झाकला गेला. त्या जागेच्या पत्र्याला गोंद कमी लावला. का, ते माहीत नाही.

१ ऑक्टोबर

सातवा फलक तिसऱ्यांदा फाडला. विषय: जहाजानं नोकरीच्या दहा वर्षांत केलं काय?

१८४७ मध्ये ते अखेर निघालं. आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात. गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवर पाळत, हैतीतले दंगे, क्यूबावर होऊ घातलेली स्वारी थोपवणं. मग १८५२ पासून पॅसिफिक. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर बेटाजवळ एका सामुद्रधुनीला याच जहाजाचं नाव आहे. ऐकायला छान वाटतं. पण त्याच बेटावर १८५६ मध्ये कॉविचन लोकांच्या मुलखात गव्हर्नर जेम्स डग्लस याच जहाजावरून शेकडो खलाशी आणि सैनिक घेऊन उतरला. एका कॉविचन माणसानं एका गोऱ्या वसाहतकाऱ्यावर गोळी झाडली होती. त्याला पकडलं, तिथल्या तिथे खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिलं. तथलासुत त्याचं नाव.

पहिल्या मसुद्यात हे एका वाक्यात उरकलं होतं. दुसऱ्यात गाळलंच, कारण प्रदर्शनाला शाळकरी मुलं येणार. बायको म्हणाली, “मुलं शनिवारवाड्यावरचं निशाण कसं उतरलं ते वाचतात ना? मग हेही वाचतील.” तिसऱ्यात गुलामांच्या जहाजांवरची पाळत आणि कॉविचनची फाशी शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही कामं त्याच डेकवरून झाली. सुतारकाम चांगलं म्हणून जहाज सज्जन ठरत नाही.

नाळेवरच्या पुतळ्याचं काय करू? पागोटं घातलेला, मिशांचा पौर्वात्य पुरुष आहे. विलायती कोरक्याच्या कल्पनेतला. माझ्या हातून तो कीर्तनकारासारखा झालाय. आणि तो १८१७ च्या मॉडेलवर शोभेल की नाही हाही वाद आहे. ठेवतो.

८ ऑक्टोबर

आठवा फलक एका बसणीत झाला. गोष्टच तशी.

१८५७ नंतर जहाजाची लढाऊ नोकरी संपली. लोखंड आणि वाफ आली होती. १८६० च्या दशकात राखीव नौसैनिकांची शाळा म्हणून ते आधी संडरलँडला आणि मग हार्टलपूलला बांधून ठेवलं. पुढे साउदॅम्प्टन. १९ मे १८९७ ला भंगारात विकलं.

आता बाजूला दुसरी गोष्ट. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत गृहस्थानं नेल्सनचं एकेकाळचं मुख्य जहाज ‘फुद्रॉयां’ भंगारातून सोडवून दुरुस्त केलं होतं, मुलांना जहाजाचं शिक्षण द्यायला. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. माणूस हाडाचा हट्टी. भंगारात गेलेलं ट्रिंकोमाली त्यानं विकत घेतलं, ठीकठाक केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘फुद्रॉयां’. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवतात, तसं. त्या दुसऱ्याच्या नावानं जहाज जवळजवळ नव्वद वर्षं जगलं. फाल्मथला, मग पोर्टस्मथला, सुट्टीत मुलंमुली त्यावर राहायला यायची, दोर चढायची, शिडाच्या होड्या चालवायची. हे १९८६ पर्यंत चाललं.

त्याच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ नावाचं जुनं जहाज असायचं. ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंच बाजूनं लढलेलं, मग पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसा कुणी देईना. २ डिसेंबर १९४९ ला त्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही निशाणं चढवली, समुद्रात नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. नंतर लोकांनी हळहळ केली, पुढची जुनी जहाजं वाचवायच्या चळवळीला त्या हळहळीचा हात लागला. पण इम्प्लॅकेबल गेलं ते गेलंच. शेजारचं मात्र वाचलं. भंगाराच्या दारातून एकदा परत आलेलं, त्यामुळे नंबर चुकला असावा.

१२ ऑक्टोबर

आज २०६ वर्षं. कामावर लक्ष लागेना म्हणून ‘ऑक्टोबर १८१७’ हा फलक लिहायला घेतला.

मुंबईत जहाज पाण्यात उतरलं तेव्हा पुण्यात काय चाललं होतं? दुसरा बाजीराव आणि रेसिडेंट एल्फिन्स्टन एकमेकांकडे संशयानं पाहत होते. २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. गोदीत त्या वेळी डांबराचा वास, हातोड्यांचे आवाज, आणि घाटावर राज्य बुडत होतं. दोन्हींमधलं अंतर घोड्यावरून दोन-तीन दिवसांचं.

या लढायांत समुद्रावरून काही आलं नाही, येण्याची गरजच नव्हती. आरमाराचा हिशेब आधीच मिटला होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गला तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळाली, ती जाळणाऱ्या इंग्रजांना सोबतीला बोलावलं होतं पेशव्यांनी. हे वाक्य फलकावर टाकलं की दोन ज्येष्ठ सभासद नक्की भांडायला येणार. खुर्च्या तयार ठेवतो.

२९ ऑक्टोबर

दोरकाम संपत नाही. गोधडीचा दोरा मेणातून ओढून घेतो, तरी केस निघतात. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीला बाजूचे ताण, पुढचे ताण, वर आडव्या काठ्या. चष्मा लावून एक गाठ, काढून एक गाठ. शिडं लावणारच नाही, गुंडाळलेली दाखवायची. वेळ नाही हे एक, आणि बंदरातलं जहाज तसंच दिसतं हे दुसरं.

शेवटचा फलक हार्टलपूलचा. १९८७ मध्ये जहाज एका बार्जवर चढवून तिकडे नेलं. तिकडेच का? ‘वॉरियर’ नावाचं जुनं लोखंडी युद्धजहाज तिथेच नुकतं दुरुस्त होऊन पोर्टस्मथला परतलं होतं, त्यामुळे तयार हात गावात होते. १९९२ मध्ये जुनं नाव परत दिलं, काम पुरं झालं २००१ मध्ये. खर्च १ कोटी ५ लाख पौंड. बांधणीचे २३ हजार आठवले की हसू येतं, पण पैशांची ती तुलना खोटी, मधे पावणेदोनशे वर्षं गेली.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. अशा जहाजांत दुरुस्त्या करता करता शेवटी जुनं फारच थोडं उरतं. ट्रिंकोमालीच्या अंगात मुंबईत बसवलेलं मलबारी लाकूड अजूनही मोठ्या प्रमाणावर आहे. पाण्यात बसलंय, दोन शतकं. तिकडे शाळकरी मुलं त्यावर हात ठेवून फिरतात. इकडे माझ्याकडे दाराची चौकट आहे.

५ नोव्हेंबर

काल प्रदर्शन उघडलं. पेटी शेवटपर्यंत मिळाली नाही, मॉडेल उघड्या टेबलावर, भोवती दोरी. वाकडी बाजू भिंतीकडे.

ज्येष्ठ सभासद आले. भांडले. एकाचं म्हणणं, तुळाजीचं प्रकरण इथे कशाला. दुसऱ्याचं म्हणणं, आणखी सविस्तर का नाही. दोघं मिळून निघून गेले ते बाहेर चहाच्या टपरीवर तासभर बोलत होते.

होड्यांचे आजोबा दुपारी आले. हात मागे बांधून टेबलाला दोन फेऱ्या मारल्या. वाकडी बाजू त्यांना भिंतीकडूनही दिसली, बोलले नाहीत. नाळेपाशी थांबले. “हा बुवा कोण?” सांगितलं. “बरा आहे.” मग खाली वाकून पाहिलं. “चांदी घातलीस ती कुठं?”

तांब्याखाली आहे म्हटलं. शेजारी एक चौथीतली मुलगी उभी होती, तिनं ‘दाखवा ना’ धरलं. मॉडेल आडवं धरून नखानं तो पत्रा उचलला. गोंद कमीच होता, लगेच आला. तिनं पाहिलं, बोट लावून पाहिलं, मग आजोबांनी.

आता पत्रा बसत नाही, कड दुमडलीय. उद्या ग्रंथालय उघडायच्या आत नवा कापून लावायचा. मागच्या डोलकाठीचा डावीकडचा एक ताणही सैल झालाय, तो त्याच वेळी.